दाजींच्या नावानं लिहिलेला खुलासा

दाजींना मिलनं गेटबंद केलं त्या दिवशी आमच्या घरात मनातून खूश असलेली एकच व्यक्ती होती, आणि ती मी. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढं सांगायचा धीर होणार नाही. चेहरा मी पाडूनच बसले होते. पण आत कुठंतरी वाटत होतं, चला, आता आपलं शिक्षण घरच्यांच्या कामी येणार.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. सांगलीजवळ माधवनगरला एका कापडगिरणीत कार्डिंग खात्यात ते जॉबर होते. कापूस पिंजणारी यंत्रं आणि त्यांच्यावरची दहाबारा माणसं त्यांच्या हाताखाली. आमचं माहेर माण तालुक्यातलं. दुष्काळात वडिलांची निम्मी मेंढरं गेली, तेव्हा आक्का गावी आली आणि मला घेऊनच परत गेली. आमच्या गावात मुली फार तर सातवीपर्यंत शिकायच्या. मी आक्काच्या दोन खोल्यांत राहून अकरावी झाले आणि सांगलीच्या कॉलेजात बी.ए.ला गेले. दाजींनी एकदाही कपाळाला आठी घातली नाही. उलट चाळीत सांगत फिरायचे, "आमची म्याडम विंग्रजीत पैली येती." मला समोर बघितलं की मुद्दाम सॅल्यूट ठोकायचे. मेव्हणीची थट्टा करायचा त्यांचा हक्कच होता, पण त्या थट्टेत अभिमानही होता आणि तो मला हवा असायचा.

दुपारच्या पाळीत कापसाच्या गाठींना आग लागली. माणसं वाचली, माल जळाला. दाजी संध्याकाळी घरी आले ते भुवया करपलेल्या. आग विझवायला तेच पुढं होते. आक्कानं त्यांच्या हातांना खोबरेल लावलं. दुसऱ्या दिवशी ते कामावर गेले आणि तासाभरात परत आले. हातात कागद होता, इंग्रजीत टाइप केलेला. मी तो वाचला. आग लागली तेव्हा तुम्ही गाठींजवळ बिडी ओढत होता असा तुमच्यावर आरोप आहे. तीन दिवसांत लेखी खुलासा द्या. चौकशी होईपर्यंत कामावर येऊ नका.

"बिडी?" आक्का म्हणाली. "ह्यांनी कवा वडलीया बिडी?"

सगळ्या चाळीला ठाऊक होतं. दाजी तंबाखू खायचे, बिडीच्या वासानं त्यांना खोकला यायचा. शिवाय आग लागली तेव्हा ते तिथं नव्हतेच. दुसऱ्या शेडमध्ये एका यंत्राचा पट्टा घसरला होता, तो बसवायला सुपरवायझरनंच त्यांना पाठवलं होतं. आणि गाठींजवळच्या ज्या मोटरीतून ठिणग्या पडायच्या, तिच्याबद्दल दाजींनी त्याच सुपरवायझरला आधी दोनदा सांगितलं होतं. बिडी ओढत नाही, तिथं नव्हतो, मोटरीचं आधीच सांगितलं होतं. सांगण्यासारख्या एवढ्या तीनच गोष्टी. तिन्ही खऱ्या आणि तिन्ही त्यांच्या बाजूच्या.

शेजारच्या खोलीत साताऱ्याकडचे एक हवालदारमामा राहायचे. पलटणीतून निवृत्त होऊन मिलच्या गोदामावर पहारेकरी होते. ते कागद बघायला आले. त्यांचं इंग्रजी पलटणीतलं. उंबऱ्यात उभं राहूनच त्यांनी खुलासा सांगून टाकला.

"ह्यात काय हाय ल्हिवन्यासारकं? नो बिडी, सर. नॉट देअर, सर. सुपरवायझर ऑर्डर, सर. फिनिश. खाली सई. सायबाला लय बोलाय गेलं का त्याला वाटतंय, ह्याच्या पोटात कायतरी हाय."

मला हसू आलं. ते मी पदराआड दाबलं, पण दाजींना दिसलं, आणि तेही हसले. "मामा, आवं आपली म्याडम हाय की. ती ल्हिवंल बैजवार."

आता मला कॉलेजात काय शिकवलं जात होतं ते सांगायला हवं. आमचे इंग्रजीचे प्राध्यापक निबंधावर फार भर द्यायचे. त्यांचं म्हणणं असं की अडाणी माणूस आपलीच बाजू रेटतो. सुशिक्षित माणूस आधी समोरच्याची बाजू मांडतो, तिच्यात जेवढं तथ्य असेल तेवढं मोकळेपणानं मान्य करतो आणि मग हळूच आपल्या मताकडं वळतो. ते वळणही सौम्य हवं. ठाम विधान म्हणजे उद्धटपणा. 'असं आहे' म्हणू नये, 'असं दिसतं' म्हणावं. 'कदाचित', 'बहुधा', 'असं म्हणता येईल' हे शब्द लेखनाला खानदानीपणा आणतात. आणि 'मी' हा शब्द शक्यतो येऊच द्यायचा नाही.

हे सगळं मी तहानलेल्या गुरासारखी प्यायले होते. माझं दुसरं इंग्रजीच नव्हतं. घरी बोलायला कुणी नाही, गावी तर नाहीच. आमच्या वर्गात पाचगणीच्या बोर्डिंगातून आलेली एक मुलगी होती. ती इंग्रजीत बोलायची, अगदी पाणी मागितल्यासारखं. गिव्ह मी दॅट. नॉट माइन. आय डोन्ट नो. असले लहान लहान शब्द ऐकून मला तिची कीव यायची. निबंधात माझे मार्क तिच्यापेक्षा जास्त असायचे. माझा एक निबंध सरांनी वर्गात वाचून दाखवला तेव्हा तिनं मागं वळून भुवया उंचावल्या होत्या. त्या भुवया मी कितीतरी दिवस आठवून आठवून खूश व्हायची.

रविवारी सकाळी मी खुलासा लिहायला बसले. आक्कानं पोरांना बाहेर पिटाळलं, माझ्यासमोर चहा ठेवला आणि चूल फुंकतानासुद्धा आवाज होऊ दिला नाही. देवघरात पूजा चालावी तसं घर गप्प होतं. दाजी भिंतीला टेकून माझ्या हाताकडं बघत होते. मी दोन पानं लिहिली. फुलस्केपची, दोन्ही भरून.

पहिला परिच्छेद मला आजही पाठ आहे. इंग्रजीत तो फारच डौलदार होता. मराठीत सांगायचं तर असा: एवढी मोठी आग मानवी निष्काळजीपणावाचून क्वचितच लागते, हे नाकारता येणार नाही. कामगारवर्गात धूम्रपानाची सवय आढळते, हेही मान्य करावं लागेल. खात्याचा जॉबर या नात्यानं प्रस्तुत अर्जदारावर त्या खात्याची जबाबदारी येते आणि त्या अर्थी झाल्या प्रकाराच्या दोषातून तो पूर्णपणे मुक्त आहे असं कुणीही म्हणणार नाही.

मग दुसऱ्या पानावर 'तथापि'. त्या तथापिच्या पुढं दाजींच्या तिन्ही गोष्टी होत्या. पण कशा? प्रस्तुत अर्जदार त्या वेळी कदाचित अन्य शेडमध्ये असावा असं दिसतं. धूम्रपानाकडं त्याचा विशेष ओढा नसावा. मोटरीच्या स्थितीविषयी काही सूचना पूर्वी दिली गेली असल्याचा संभव आहे.

जे आम्हा सगळ्यांना शंभर टक्के माहीत होतं, ते मी संभवावर आणून ठेवलं. आणि लिहून झाल्यावर मला वाटलं, सरांनी हे वाचायला हवं होतं.

"वाच की," दाजी म्हणाले. मी मोठ्यानं वाचलं, इंग्रजीत. दाजी डोळे मिटून ऐकत होते, भजनाला बसल्यासारखे. संपल्यावर म्हणाले, "आगगाडीगत जातंय गं." काय लिहिलंय ते आक्कानं विचारलं. मी म्हणाले, "दाजी निर्दोष आहेत असं लिहिलंय." तेवढंच सांगितलं. पहिलं पान मराठीत सांगावं असं मला सुचलंही नाही. ती नुसती प्रस्तावना होती. प्रस्तावना कोण सांगत बसतं?

दाजींनी सही केली. मी दुसरी एक प्रत काढून ठेवली होती, सरांना दाखवायला. सोमवारी सकाळी दाजी खुलासा गेटवर देऊन आले आणि मी कॉलेजला गेले.

सर त्या दिवशी आले नव्हते. मोकळ्या तासाला पाचगणीची मुलगी शेजारी बसली होती. दाखवायची तर हौस होतीच. मी तिच्यापुढं कागद सरकवला आणि आमच्या नातेवाइकाच्या नोकरीचं प्रकरण आहे, एवढं सांगितलं. तिनं पहिलं पान वाचलं. दुसरं उलटलंसुद्धा नाही. माझ्याकडं बघून सहज म्हणाली, "सो, ही डिड इट?"

म्हणजे त्यानंच केलं तर.

मी रागावले. म्हणाले, पूर्ण वाच. ती म्हणाली, वाचते की. तिनं दुसरं पान वाचलं, कपाळाला आठी घालून परत पहिलं वाचलं, आणि अगदी चांगुलपणानं विचारलं, "हा माणूस तिथं नव्हता ना? मग तसं का नाही लिहिलंस?" मी तिला निबंधाची पद्धत समजावून सांगायला लागले. बोलता बोलता माझाच आवाज मला लहान होत गेलेला ऐकू आला.

घरी येईपर्यंत मला सगळं समजलं होतं. हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढं कितीतरी वर्षं मी स्वतःला समजावत राहिले की मी पोर होते, मला काय कळणार. मला त्याच दुपारी कळलं होतं. चौकशीला अजून चार दिवस होते. दाजींपुढं बसून 'चुकलं, दुसरा खुलासा देऊ' एवढं म्हणायचं होतं. हवालदारमामांचं ते तीन ओळींचं इंग्रजी कागदावर उतरवायला पाच मिनिटं पुरली असती.

पण घरी आले तर दाजी चाळीच्या ओट्यावर बसून चौघांना सांगत होते, "दोन पानं ल्हिवलं. दोन. आन एक बी खाडाखोड न्हाई." आणि मला बघून उठून सॅल्यूट ठोकला.

मी आत गेले आणि दप्तर ठेवलं.

ते चार दिवस मला नको होते. मिलचा भोंगा व्हायचा, चाळीतली माणसं डबे घेऊन निघायची, आणि दाजी दारात उभे राहून ती जाताना बघायचे. माणसं आधी थांबून बोलायची. बुधवारपासून थांबेनाशी झाली. नुसती मान हलवायची. एक जण तर दाजींना बघून बोळातून वळसा घालून गेला. सुपरवायझर चाळीच्या टोकाला राहायचा, त्याची बायको नळावर आक्काशी बोलायची बंद झाली. आक्काला त्याचा अर्थ लागत नव्हता. मला लागत होता, माझं पहिलं पान मिलमध्ये वाचलं गेलं होतं, पण तो लावायचा मी टाळत होते. जेवताना मी मान वर करत नव्हते. आक्काला वाटलं, पोरीला काळजी लागलीय. ती मला भाकरीवर जास्तीचं लोणी द्यायची. ते लोणी गिळताना मला स्वतःचा संताप यायचा, आणि तरी तोंड उघडत नव्हतं. रोज ठरवायची, आज सांगते. रोज दाजी काहीतरी गमतीचं बोलायचे आणि वेळ निघून जायची. अजून एखादा दिवस आपली म्हणून जी काय किंमत आहे ती राहू दे, असं काहीतरी मनात असणार.

शुक्रवारी चौकशी झाली. दाजींबरोबर आक्का आणि मी गेटपर्यंत गेलो. आम्ही बाहेर निंबाखाली बसलो. तासाभरानं एक शिपाई आला आणि म्हणाला, खुलासा लिहिणाऱ्या बाईंना साहेबांनी बोलावलंय. आक्काचा चेहरा फुलला. "जा," ती म्हणाली, "पदर नीट घे."

आत टेबलापलीकडं दोन साहेब होते. दोघंही बाहेरचे, मराठी न येणारे. मिलचा एक कारकून दाजींचं बोलणं त्यांना इंग्रजीत सांगायला उभा होता. दाजी टोपी हातात घेऊन उभे. सुपरवायझर खिडकीशी. तो कुणाकडंच बघत नव्हता. मी मेंढरात वाढलेली. कळपातलं कुठलं जनावर उद्या विकलं जाणार आहे हे वडिलांना आदल्या दिवशीच ठाऊक असायचं आणि ते त्याच्याकडं बघायचं टाळायचे. सुपरवायझर तसा उभा होता.

माझं पहिलं पान वर होतं. त्याच्यावर लाल पेन्सिलीच्या तीन रेघा होत्या. दुसरं पान कोरंच राहिलं होतं, म्हणजे रेघा नसलेलं.

एका साहेबांनी विचारलं, हे तुम्ही लिहिलंत? मी हो म्हणाले. त्यांनी सुपरवायझरकडं हात केला आणि सांगितलं, हे म्हणतात की यांना कुठं पाठवल्याचं आठवत नाही. तुमच्या पत्रातही 'कदाचित' आहे. मग त्यांनी पेन्सिल खाली ठेवली, माझ्याकडं नीट बघितलं आणि अगदी साधं, लहान मुलाला विचारावं तसं विचारलं, "टेल मी. वॉज ही देअर ऑर नॉट?"

तो तिथं होता की नव्हता?

'नो, सर' एवढं पुरेसं होतं. दोन शब्द. हवालदारमामांना आले असते, पाचगणीच्या मुलीला झोपेत आले असते. मी तोंड उघडलं आणि त्यातून माझं एकमेव इंग्रजी बाहेर पडलं. "सर, इट वुड ॲपिअर दॅट परहॅप्स..."

असं दिसतं की कदाचित. पुढचं वाक्य मला सापडेना. मी तिथंच थांबले. दुसऱ्या साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं. दाजी माझ्याकडं आशेनं बघत होते, आता ही आगगाडी सोडणार म्हणून. मी मराठीत ओरडू शकले असते, ते नव्हते तिथं, हा माणूस खोटं बोलतोय, म्हणून. कारकून होता सांगायला. पण इंग्रजी कुठं गेलं ते शोधण्यात मी गुंतले होते, आणि तेवढ्यात साहेब उठले. म्हणाले, "युवर इंग्लिश इज व्हेरी गुड." खरंच म्हणाले. त्यात टिंगल नव्हती. कारकुनानं ते दाजींना मराठीत सांगितलं. त्या दिवशी खोलीत दाजींसाठी मराठीत सांगितलं गेलेलं शेवटचं वाक्य ते.

आठवड्यानं काढून टाकल्याचा कागद आला. त्यात एक वाक्य होतं: कामगारानं आपली जबाबदारी लेखी मान्य केली आहे. मी तो आक्काला वाचून दाखवताना ते वाक्य गाळलं. "आग लागली म्हणून काढलंय," म्हणाले.

चाळीत मात्र दाजींनी सांगितलं ते वेगळंच. "नोकरी गेली ती गेली. पर सायेब उबा ऱ्हायला बगा हिच्यासाठनं." आणि एक दिवस माझ्याकडून ती दुसरी प्रत मागून घेतली. सांगलीत, मिरजेत, इचलकरंजीला, जिथं जिथं मिलचं गेट होतं तिथं दाजी ती प्रत घेऊन जायला लागले. आधीच्या नोकरीचा दाखला मागितला की ते हीच काढून द्यायचे. साहेबांनी ज्या कागदाची तारीफ केली, त्याच्याहून चांगला दाखला कुठला, असा त्यांचा हिशेब. मला ते कळलं तेव्हा मी म्हणाले, "दाजी, तो नका दाखवू." ते म्हणाले, "का गं? तुजा हात हाय त्याच्यावर." मी पुढं बोलले नाही. कबूल करावी अशी ही माझी आणखी एक गोष्ट.

अशा कितीतरी फेऱ्या झाल्या. मग एका दुपारी ते इचलकरंजीहून आले. आक्का दळण आणायला गेली होती. दाजींनी पाणी पिऊन तांब्या खाली ठेवला, प्रत काढून माझ्यापुढं पसरली आणि म्हणाले, "आजचा सायेब मराठी हुता. पैलं पान वाचलं आन म्हनला, तू खरं बोलतूयास ह्ये चांगलं हाय, पर आसला मानूस आमी ठिवत न्हाई. खरं बोललोय म्हनं मी. काय बोललोय गं मी ह्येच्यात?"

त्यांच्या आवाजात संशय नव्हता. खरंच विचारत होते.

मी पहिलं पान मराठीत वाचलं. एक शब्द न गाळता, त्यांना समजेल असं. नाकारता येणार नाही. मान्य करावं लागेल. दोषातून मुक्त आहे असं कुणीही म्हणणार नाही. दाजी या वेळी डोळे उघडे ठेवून ऐकत होते. संपल्यावर त्यांनी सहीपाशी बोट नेलं आणि परत घेतलं.

"दाजी, मला शिव्या द्या," मी म्हणाले.

त्यांनी शिव्या दिल्या नाहीत. कागदाची घडी घातली, चुलीपाशी गेले आणि निखाऱ्यावर ठेवला. तो पेटेपर्यंत उकिडवे बसून राहिले. मग दाराकडं एकदा बघून, आक्का येत नाही ना ते बघून म्हणाले, "आक्काला सांगू नगंस. ती तुजं कालिज बंद करंल आन गावाकडं धाडंल."

मी आक्काला सांगितलं नाही. दाजी पुढच्या सोमवारपासून सांगलीच्या हळदीच्या पेठेत हमालीला जायला लागले. मी बी.ए. होईपर्यंत त्याच घरात जेवले. संध्याकाळी दाजी पिवळे झालेले हात धुऊन माझ्या शेजारच्या पाटावर बसायचे, आणि आक्का आम्हा दोघांना वाढायची.